सगळ्या गल्लीचा एक पत्ता

मी ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, आणि अभ्यासक्रमातल्या एका धड्याचा मला मनापासून राग आहे. धडा इंटरनेटच्या पत्त्यांचा आहे. जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे पत्ते पुरेनासे झाले, म्हणून नव्या पद्धतीचे लांबलचक पत्ते काढले. ते इतके आहेत की संपता संपणार नाहीत. आणि लवकरच सगळं जग त्या नव्या पत्त्यांवर जाणार आहे. हे ‘लवकरच’ मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं. तेव्हा माझे केस काळे होते. तेव्हाच्या मुलांची मुलं आता माझ्यासमोर बाकावर बसतात आणि मी त्यांनाही ‘लवकरच’च सांगते.

तोवर जग कसं चालतं, तेही त्याच धड्यात आहे. एका जुन्या पत्त्यामागे पुष्कळ घरं बसवायची. घरं आतून वेगळी, पण बाहेरून बघणाऱ्याला ती सगळी मिळून एकच दिसतात. हा प्रश्न दोन मार्कांना येतो. मुलं उत्तर पाठ करतात, लिहितात आणि विसरून जातात.

आम्ही राहतो गांधीबागेच्या मागे, एका अरुंद गल्लीत. नवरा त्याच बाजारात एका ठोक कापडाच्या दुकानात विक्रीला होता. दुकान त्याच्या मालकीचं नव्हतं, पण गिऱ्हाईक त्याचं होतं. काटोल, भिवापूरकडचे छोटे दुकानदार सकाळच्या गाडीने यायचे आणि गादीवर टेकायचे ते त्याच्या गप्पा ऐकायला. ताग्याला हात लावायच्या आधी तो त्यांच्या मुलीच्या लग्नाचं, विहिरीच्या पाण्याचं, सासऱ्याच्या गुडघ्याचं सगळं विचारून घ्यायचा. मग कापड असं दाखवायचा की जणू त्यांनीच ते मागितलं होतं. शेजारच्या दुकानदारांनी त्याला जास्त पगार देऊ करून पाहिला. तो गेला नाही, कारण इथली गादी खिडकीपाशी होती आणि तिथून रस्त्यावरच्या माणसांशीही बोलता यायचं.

घरी तेच. मी दिवसभर वर्गात घसा कोरडा करून यायचे, मला शांतता हवी असायची. हा माणूस जेवताना बोलायचा, भांडी विसळताना बोलायचा, मोरीत अंगावर पाणी घेतानाही आतून बोलायचा. ‘जरा गप बसा हो,’ हे वाक्य मी लग्नानंतर जितक्यांदा म्हटलं असेल तितक्यांदा दुसरं कुठलंच म्हटलं नसेल. तो मला चिडवायला ‘मॅडम’ म्हणायचा. गप काही बसायचा नाही.

आणि तोंडात खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून केलेला. आमच्या समोरच्या घरातले भाऊजी त्याच दुकानात कामाला. दोघं सकाळी एकत्र निघायचे, कोपऱ्यावर एक पुडी घ्यायचे आणि अर्धी अर्धी करायचे. मी भांडून पाहिलं, पुड्या फेकून पाहिल्या. जिभेच्या कडेला पांढरा चट्टा आला तेव्हा तो म्हणाला, दात लागून राहिला असेल. दाताच्या डॉक्टरने दात घासून दिला. चट्ट्याची जखम झाली, जखम भरेना, मग तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्टमध्ये तो शब्द आला.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दार लावून घेऊन आम्हाला समजावलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मोठं रुग्णालय आहे, तिथे एक सर्जन आहेत, जिभेच्या कामात त्यांचा हात धरणारा इकडे कुणी नाही. आत्ता गेलात तर जिभेची एक कड जाईल, बोलणं थोडं बोबडं होईल, पण बोलता येईल. गाठ मुळाकडे सरकली तर जीभ ठेवता येणार नाही. डॉक्टर माझ्याकडे बघून बोलत होते. नवऱ्याने मध्येच विचारलं, ‘म्हणजे दुकानात बसता येईल ना?’ डॉक्टर म्हणाले, लवकर करा.

त्या सर्जनच्या पहिल्या भेटीचं टोकन फक्त रुग्णालयाच्या साइटवर मिळायचं. सकाळी आठला टोकनं उघडायची आणि चुलीवरचं दूध उतू जायला लागतो तेवढ्या वेळात संपायची. पहिल्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन एकटीच बसले. नाव, वय, आजार टाकेपर्यंत संपली. दुसऱ्या दिवशीही संपली. नवऱ्याने ही गोष्ट दुकानात भाऊजींना सांगितली आणि भाऊजींनी गल्लीला.

आमच्या गल्लीची एक रीत आहे. कुणाच्या पोराचा निकाल असो, पुण्याला जायचं तत्काळ तिकीट असो, की कॉलेजच्या प्रवेशाची यादी असो, गल्ली बसते. ज्याच्या हातात फोन आहे तो आपापल्या ओट्यावर येऊन बसतो आणि ठरल्या वेळी सगळे एकदम प्रयत्न करतात. ज्याचं आधी लागेल तो ओरडतो. आजवर या रीतीने गल्लीतली किती पोरं परीक्षेला वेळेवर पोचली असतील! तेव्हा माझ्या नवऱ्याच्या जिभेसाठी गल्ली बसणार नाही, असं होणंच शक्य नव्हतं.

मे महिना होता. आठ वाजताच ओट्याची फरशी तापायला लागलेली असायची. बायका पदराने वारा घेत बसायच्या, कुणी मोठा कूलर ओढून दारात आणून गल्लीकडे तोंड करून लावायचं. माझ्या नवऱ्याची माहिती सगळ्यांनी पाठ केली होती. ज्या बाईशी माझं नळाच्या पाण्यावरून वर्षभर बोलणं नव्हतं, तिलाही त्याची जन्मतारीख यायची. पहिल्या दिवशी ते दृश्य पाहून मी आत जाऊन रडले. तो मात्र एका एका ओट्यापाशी थांबून बोलत फिरत होता. ‘बाप्पा, एका जिभेपायी एवढी फौज,’ म्हणाला.

त्या दिवशी साइट उघडलीच नाही. पांढऱ्या पानावर इंग्रजीत एक ओळ आली: विनंत्या फार झाल्या आहेत, थोड्या वेळाने प्रयत्न करा. सगळ्यांच्या फोनवर तीच ओळ. गल्लीने त्याचा अर्थ लावला की गर्दी आहे. आणि गर्दी म्हटल्यावर आमच्याकडे कुणी मागे सरत नाही, कोपर पुढे काढतो. दुसऱ्या दिवशी जास्त माणसं बसली. मागच्या गल्लीतले नातेवाईक बोलावले, शाळेला सुट्या होत्या म्हणून पोरंटोरंही बसली. आठच्या आधीपासून दाबायला लागायचं असं ठरलं. ओळ तीच. आधी निदान पान दिसायचं, आता तेही दिसेना. मीही त्यांच्याबरोबर दाबत होते. मला वाटत होतं, सगळ्या विदर्भातले जिभेचे रोगी एकाच वेळी त्या दारावर येऊन पडले आहेत.

असे दिवस जायला लागले. रुग्णालयाच्या मदतीच्या क्रमांकावर एक गोड आवाजाची मुलगी मला दरवेळी ब्राउझर साफ करायला सांगायची. मी कॉम्प्युटर शिकवते हे तिला मी तिसऱ्या वेळी सांगितलं, तरी तिने साफ करायलाच सांगितलं. एकदा आम्ही ऑटो करून सरळ रुग्णालयात गेलो. फाटकावरच्या माणसाने फोनवर टोकन दाखवा म्हटलं. नवऱ्याने त्याच्याशी बोलणं सुरू केलं, त्याचं गाव काढलं, गावातला ओळखीचा कापडवाला काढला. तो माणूस हसला, पाणीही दिलं, पण आत सोडलं नाही. टोकनशिवाय आतल्या खिडकीवर नावच चढत नाही, मी सोडून काय होणार, असं तो म्हणत होता आणि ते खरंच होतं. माझ्या नवऱ्याचं बोलणं वाया गेलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. परत येताना तो ऑटोत बाहेर तोंड करून बसला होता.

त्याचं बोलणंही बदलायला लागलं होतं. शब्द जड येत, मध्ये लाळ आवरावी लागे. तिखट बंद झालं, मग गरम बंद झालं. तो ताक-भात गिळायचा आणि गिळताना डोळे मिटायचा. तरी सकाळी ओट्यावर येऊन मला विचारायचा, ‘मॅडम, तुमचं इंटरनेट काहून रुसून राहिलं?’ मी चिडायचे. मला दुसरं काही येत नव्हतं.

मग एका सकाळी वीज गेली. आठच्या जरा आधी गेली, ट्रान्सफॉर्मर उडाला म्हणाले. गल्लीतल्या सगळ्यांचे डबे, म्हणजे वायफायचे, बंद पडले. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींमुळे मोबाईलची रेंज धड येत नाही. तेव्हा त्या दिवशी कुणीच काही करू शकलं नाही. भाऊजी विजेवाल्यांना शिव्या देत येरझाऱ्या घालत होते. वीज आली तेव्हा दहा वाजून गेले होते, गल्ली आपापल्या कामाला लागली होती. मी उगाच सवयीने साइट लावली आणि ती झटकन उघडली. आजची टोकनं संपली आहेत, असं नीट मराठीत लिहिलेलं पान समोर आलं.

मी त्या पानाकडे बघत राहिले. ‘विनंत्या फार’ची ओळ नव्हती. दार उघडं होतं, फक्त आतला माल संपला होता. रोज आम्हाला दारच दिसत नव्हतं, आणि आज, जेव्हा गल्लीतून कुणीच ठोठावलं नाही तेव्हा, ते उघडं सापडलं. दोन मार्कांचा प्रश्न होता.

आमच्या सगळ्या गल्लीला एकच केबलवाला इंटरनेट देतो. जुने पत्ते महाग झाले, मिळेनासे झाले, म्हणून त्याने अख्खी गल्ली एका पत्त्यामागे बसवलेली. रुग्णालयाच्या साइटला ओट्यांवर बसलेली माणसं दिसत नव्हती. तिला दिसत होतं एकच घर, जे एका मिनिटात शेकडो वेळा दार बडवतंय. असं करणारा माणूस नसतो, टोकनं लाटणाऱ्या दलालांचं यंत्र असतं, म्हणून तिने आम्हाला बाहेर ठेवलं. आम्ही थांबत नव्हतो म्हणून ती आमचं बाहेर राहणं वाढवत होती. जितकी माणसं मदतीला येत होती, तितकं दार घट्ट होत होतं.

मी केबलवाल्याकडे गेले. त्याला सगळं समजलं, त्याने नाकारलंही नाही. नवे पत्ते वरून मिळतात, म्हणाला, पण लोकांच्या घरातले डबे जुने, त्यांना ते चालत नाहीत. एकदम सगळे बदलावे लागतील. बदलू, दिवाळीनंतर बदलू. आणि बदलून फायदा काय, ती रुग्णालयाची साइटच जुन्या पत्त्यांवर चालते, नवा पत्ता घेऊन गेलात तर तिला तो कळणारच नाही. मोबाईलवर तसंच होतं, फोनला नवा पत्ता असतो, पण अशा साइटकडे जाताना कंपनी त्याला जुनाच चढवून पाठवते, आणि तो एक जुना पत्ता हजारो जणांत वाटलेला असतो. मीही चौकात उभी राहून मोबाईलवरून पाहिलं होतं. तीच ओळ. केबलवाले म्हणत होते आधी साइटवाल्यांनी बदलावं, साइटवाले म्हणत असणार आधी लोकांनी बदलावं. एकमेकांना ‘आधी तुम्ही’ म्हणत सगळं जग दारात उभं होतं आणि माझ्या नवऱ्याच्या तोंडात गाठ वाढत होती. मी केबलवाल्याच्या दुकानात टेबलावर हात आपटला. त्याने मला चहा मागवला. मी तो तसाच सोडून आले.

मग मला ते करावं लागलं, जे आमच्या गल्लीत कुणी कधी केलं नसेल. मी घरोघर जाऊन सांगितलं, उद्यापासून मदत करू नका.

कुणाला पटेना. मी त्यांना धडा समजावला, जसा वर्गात समजावते तसा. सगळ्या गल्लीचा बाहेर एकच पत्ता आहे, साइटला वाटतं एकच जण त्रास देतोय. माना हलल्या, पण चेहरे पडले. नळावरच्या त्या बाईने विचारलं, माझ्या हातून काही चुकलं का? पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या सासूबाईंनी माझा हात धरून सांगितलं, पोरी, मी फक्त जप केल्यासारखं एकेकदा दाबते, माझ्यानं काय होणार? तेही बंद करा म्हणताना मला माझीच लाज वाटली. भाऊजींना सांगायला गेले तेव्हा ते दारातच उभे होते. रिपोर्ट आला त्या दिवसापासून त्यांनी खर्रा सोडला होता, त्यामुळे हात सतत काहीतरी चाचपत असायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तुमी म्हणान तसं, वहिनी.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटे रिकामे होते. मी एकटी बसले. नवरा बाजूला. आठ वाजले, मी एकदाच दाबलं. विनंत्या फार झाल्या आहेत.

मला वाटलं, आधीची बंदी अजून उठली नसेल. त्या पुढच्या दिवशी पुन्हा तेच. त्यानंतरही तेच. ओटे रिकामेच होते, सगळ्यांनी माझं ऐकलं होतं, मी दारोदार फिरून खात्री केली होती. म्हणजे माझंच चुकत होतं. मी अख्ख्या गल्लीचं मन मोडलं आणि ते ज्या ज्ञानावर मोडलं तेच खोटं होतं. मी माझंच पुस्तक काढून तो धडा पुन्हा वाचला. त्यात काही नवीन नव्हतं. मी ते भिंतीवर फेकलं. तोवर नवऱ्याला दही गिळतानाही त्रास व्हायला लागला होता, आणि रात्रीतून उशी लाळेने ओली व्हायची. तो मला काही विचारायचा थांबला, तेव्हा मला खरी भीती वाटली.

कॉलेजला सुटीचं कुलूप होतं. शहरात दुसऱ्या कुणाकडे जावं, तर तिथेही कुठला पत्ता कुणाकुणात वाटलेला आहे ते मला कळणार नव्हतं. माझा भाऊ काटोलला असतो, संत्र्याच्या व्यापारात. त्याच्या भागात इंटरनेट एका छोट्या माणसाचं आहे आणि त्याच्याकडची घरं थोडी. मी संध्याकाळच्या एसटीने काटोलला गेले. संत्र्याचे बगिचे बहरासाठी ताणावर होते, पाणी तोडलेलं, पानं मलूल. भावाने विचारलं, एका बटणासाठी एवढी आलीस? मी म्हटलं, हो.

सकाळी आठला मी त्याच्या ओसरीत बसून साइट लावली. पान उघडलं. नाव टाकलं, वय टाकलं, आजार टाकला, शेवटचं बटण दाबलं आणि हिरव्या चौकटीत टोकन आलं. माझं काहीच चुकलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी तिथे बसून भावाला आणि त्याच्या बायकोला, ज्यांचा काही दोष नव्हता, वाट्टेल ते बोलले. मग नवऱ्याला फोन केला. तो फक्त ‘हाव’ म्हणाला. तेवढाच शब्द त्याला नीट जमत होता.

गल्लीला मी एवढंच कळवलं की टोकन मिळालं. काटोलचं सांगितलं नाही. त्यांना आणखी वाईट वाटलं असतं, आणि मला बोलायचा कंटाळाही आला होता. नवऱ्याला मात्र सगळं माहीत होतं.

सर्जनने तोंडात बोट घालून तपासलं, हातमोजा काढला आणि मला विचारलं, इतके दिवस काय करत होतात? महिनाभर आधी आणलं असतं तर. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी म्हटलं, टोकन मिळत नव्हतं. ते म्हणाले, रोज इतक्या लोकांना मिळतं. आमच्यावर फार लोकांचा जीव होता म्हणून उशीर झाला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

ऑपरेशनच्या दिवशी ऑटोत तो सारखा बोलत होता. दुकानाचं, मालकाचं, खिडकीतून दिसायच्या एका वेड्या म्हाताऱ्याचं. निम्मं मला कळत नव्हतं, लाळ रुमालात टिपत तो बोलत होता आणि मी ऐकत होते. रुग्णालय दिसायला लागलं तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, ‘मॅडम, आज काहून गप बसा म्हणून नाही राहिल्या?’

मी म्हटलं, बोला. तुम्ही बोला.

जीभ गेली. तो वाचला. डॉक्टर म्हणतात, हे काही थोडं नाही, आणि खरंच थोडं नाही. तो हिंडतो, वाटीने पातळ गिळतो, टीव्हीवर क्रिकेट बघतो. घसा आवाज काढतो, पण त्या आवाजाचे शब्द होत नाहीत. दुकानात एकदा गेला होता. खिडकीपाशी बसला, एक जुनं गिऱ्हाईक आलं, त्याला बघून रडायला लागलं, आणि हाच त्याची पाठ थोपटत राहिला. परत गेला नाही. आता घरात इतकी शांतता असते की मी कॉलेजातून आल्यावर आधी रेडिओ लावते. मला हवी होती ती शांतता हीच, आणि मला ती सहन होत नाही.

भाऊजी रोज संध्याकाळी येतात. दुकान बंद करून हातपाय न धुता आधी इकडे येतात आणि दिवसभराचं सगळं त्याला सांगतात, कोण आलं, काय घेतलं, कोण फसवून गेलं. तो माना हलवतो, मांडीवर थाप मारतो. दुसरं कुणी इतकं येत नाही. सुरुवातीला सगळे यायचे, मग हळूहळू कमी झाले. न बोलणाऱ्या माणसापाशी काय बोलावं ते लोकांना कळत नाही. भाऊजींना कळतं.

दिवाळी झाली आणि केबलवाल्याची माणसं खरंच आली. जुने डबे काढून नवे बसवले. आमच्या घरचा बसवून झाल्यावर त्या माणसाने सांगितलं, आता प्रत्येक घराला आपापला पत्ता, कुणाचं कुणात नाही. रुग्णालयाची साइट अजून जुनीच आहे. मी पाहिलं. का पाहिलं ते माहीत नाही.

संध्याकाळी भाऊजी आले. नवा डबा पाहून म्हणाले, हे तेव्हाच असतं तर मला इतका आटापिटा करावा लागला नसता. मी चहा गाळत होते. मी विचारलं, कसला आटापिटा?

ते हसले. कधीतरी सांगायचं राहूनच गेलं होतं, अशा सुरात सांगायला लागले. ‘तुमी बंद करा म्हणलं, सारे बंद झाले. मी म्हणलं, एकानं तं मोर्चावर राहाले पायजे. देवघरात बसून, माझ्या फोनवरून अन् बायकोच्या फोनवरून, रोज सात वाजल्यापासून दाबून राहिलो होतो. अंगठा सुजला होता, वहिनी. अन् पाहा, शेवटी लागलंच ना.’

माझा हात गाळणीवर तसाच राहिला. एक माणूस. दोन फोन. ओटे रिकामे होते आणि समोरच्या घरात, देवापुढे, हा माणूस आम्हाला रोज बाहेर ठेवत होता. ज्या दिवसांत मी माझं पुस्तक भिंतीवर फेकलं, ज्या दिवसांत नवऱ्याला दही गिळवेना झालं, ते सगळे दिवस. आणि याला वाटतं, त्याच्या अंगठ्याने टोकन आलं. गल्लीतही त्याने तेच सांगितलं असणार. तरीच त्या म्हाताऱ्या सासूबाई मध्ये मला म्हणाल्या होत्या, तुमच्या भाऊजींचे उपकार विसरू नका.

मला इतका राग आला की डोळ्यांपुढे काही दिसेना. पातेलं स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून मी बाहेरच्या खोलीत आले. मी सांगणार होते. एकूण एक सांगणार होते, काटोल, पत्ता, बंदी, सर्जनचं अर्धं वाक्य, सगळं. या माणसाला ते कळायलाच हवं होतं. मी ‘भाऊजी’ म्हणून तोंड उघडलं.

नवरा माझ्याकडे बघत होता. त्याने ऐकलं होतं, आणि त्याला सगळं कळलं होतं. पत्त्यांचा धडा मी त्याला इतक्यांदा सांगितला होता की तो माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलापेक्षा नीट उत्तर लिहील. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. भाऊजी त्याच्या शेजारी बसून अंगठा वर धरून दाखवत होते, अजून थोडा दुखतो म्हणत होते. नवऱ्याने तो अंगठा आपल्या हातात घेतला आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवून माझ्याकडे पाहिलं.

मी गप बसले. भाऊजींना साखर चालत नाही, त्यांचा चहा मी वेगळा करते. तो आत जाऊन घेऊन आले.